मुलाच्या करिअरसाठी धडपडणं ही पण मूर्तिपूजा का?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आया मला हा प्रश्न फार विचारतात, कोणाच्या घरी दहावी असते कोणाच्या घरी सीईटी. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

कांदिवलीची आई, मुलगा बारावीत, नीटचा क्लास अंधेरीला. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट, त्यामुळे मुलाचं उपासनेला जाणं बंद आणि त्याला सोडा-आणा करता करता हिचंही बंद झालं. एका रविवारी कशीबशी गेली तर नेमका पाळकसाहेबांचा संदेश, पैसा, मोबाईल, करिअर ह्या आजच्या मूर्ती आहेत म्हणून. झालं, झोपच उडाली. माझ्याकडे आली ती ठरवूनच, ताई मी क्लास बंद करते, देव रागावलाय माझ्यावर.

मी म्हटलं थांबा जरा, आधी तुमचा दिवस कसा जातो ते सांगा.

तर संध्याकाळी क्लासकडून मार्कांचा मेसेज येतो, तो यायच्या आधीपासून हिचे हात थरथरतात. हॉलमध्ये भिंतीवर बायबलमधलं यहोशवाचं वचन फ्रेम करून लावलंय, मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करणार, आपल्या बऱ्याच घरांत असतं तसं, आणि त्या फ्रेमच्या खाली सेलोटेपने टेस्टचे मार्क चिकटवलेत, ७२० पैकी ४९८, ५३१, ५१२. धाकटी आठवीत, तिचा चर्चमध्ये गाण्याचा कार्यक्रम झाला, आई गेली नाही. सासूबाईंचा डोळ्याचा चेकअप परीक्षेनंतर करू म्हणून पुढे ढकललेला. दर शुक्रवारी हिचा उपास, मुलासाठी. "मग मी देवाला सोडलं कुठे, उलट जास्तच प्रार्थना करते ना?"

मी विचारलं, ह्या वर्षात देवाजवळ मार्क सोडून दुसरं काय मागितलंत? बराच वेळ काही बोलली नाही, मग रडायला लागली.

मला ह्यात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हीच, की अशी मूर्ती प्रार्थनेच्या आत बसते म्हणून दिसतच नाही. मूर्तिपूजा म्हटलं की आपण पटकन शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बघतो, पण बायबलमध्ये यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात मनात मूर्ती ठेवल्यात असं देव म्हणतो ते कोणाबद्दल, तर संदेष्ट्यासमोर येऊन बसलेल्या इस्राएलाच्या वडीलजनांबद्दल. आणि प्रेषित पौल त्याच्या पत्रात, कलस्सै ३:५ मध्ये, लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो.

पण क्लास बंद करणं हा त्यावर उपाय नाही. भीती खोटी नाहीये हो, २०२४ ला २३ लाखांवर मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास, कुठल्या आईला धडकी भरणार नाही? मी तिला पितळी सापाची गोष्ट आठवून दिली. तो साप मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केला, साप चावलेले लोक त्याच्याकडे बघून वाचले, आणि कित्येक शतकांनी लोक त्याच्यापुढेच धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजाने तो फोडला. मुलगाही देवानेच दिलाय, पण त्याला फोडायचं नाहीये, त्याच्या मार्कांपुढे जो धूप जळतोय तो विझवायचाय, आणि त्या धुपात काय काय जळतंय ते आधी बघा, धाकटी, सासूबाई, तुमची झोप.

पुढच्या वेळी मुलाला घेऊन आली. तो म्हणाला, "५०० च्या खाली आले की मम्मी जेवायला वाढते पण बोलत नाही." आईला हे माहीतच नव्हतं.

मग आम्ही साध्या गोष्टी ठरवल्या. मार्कांचा मेसेज मुलाच्या फोनवर जाईल, सांगायचं की नाही ते तो ठरवेल. जेवताना टेस्टचा विषय नाही. टेस्ट असेल त्या रविवारी दोघं संध्याकाळच्या उपासनेला जातील. सासूबाईंची अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात. शुक्रवारचा उपास चालू ठेवा म्हटलं पण त्या दिवशी मार्कांसाठी काहीच मागायचं नाही, हे तिला सगळ्यात जड गेलं, पहिल्या शुक्रवारी म्हणे तोंडातून शब्दच फुटेना.

भिंतीवरचे कागद तिने स्वतःच काढले. भीती अजून आहे, रिझल्टच्या आधी ती परत येणार आहे. मुलाची झोप आणि जेवण मात्र फारच बिघडलं होतं म्हणून त्याला मी डॉक्टरांकडेही पाठवलं, प्रार्थना करतोय म्हणून ते टाळू नका. रात्री-अपरात्री मूल फारच खचलेलं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.