आप्पाला शेतावर देण्याआधी

ताई, तुमचं लिहिणं वाचलं. म्हणजे गड्ड्याच्या, सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ हा जर्मन शेफर्ड तुम्हाला सापडला, डॉक्टरांनी वय आठ-नऊ सांगितलं, तुम्ही त्याचं नाव आप्पा ठेवलं. आता जुळे सोलापुरातले तुमचे घरमालक उन्हाळ्याच्या आत त्याला हलवा म्हणताहेत. मोहोळकडचे एक गृहस्थ ‘शेतावर राखणीला घेतो’ म्हणतात आणि दुसऱ्या एकाने फोनवर पहिलाच प्रश्न ‘पेपर (म्हणजे वंशावळीचे कागद) आहेत का?’ असा केला. कुणाला द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्याचा विषय एका वाक्यात संपवते. वयस्क कुत्र्याचे पेपर विचारणाऱ्याला कुत्रा नको असतो, त्याची पिल्लं हवी असतात. त्याला नाही म्हणा.

मोहोळचं मात्र नीट बोलू. आपल्याकडे घरात न मावणारा कुत्रा म्हटलं की दहातले नऊ जण ‘शेतावर सोडा, मोकळा राहील’ म्हणतात. तरुण, धडधाकट कुत्र्याला ते एक वेळ चालेलही. आठ-नऊ वर्षांचा शेफर्ड म्हणजे म्हाताराच. मोठ्या अंगाची कुत्री लहान जातींपेक्षा लवकर थकतात, सहा-सात वर्षांपासूनच त्यांचं उतारवय धरतात. त्यातून या जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं फार. आप्पा उठताना आधी पुढचे पाय रोवतो आणि मग मागचा भाग एका बाजूला झोकून उभा राहतो, असं तुम्ही लिहिलंय. तेच ते. असा कुत्रा वस्तीवर गेला की तिथली आधीची चार कुत्री पहिल्याच रात्री त्याला आजमावतात. त्याला लढताही येत नाही नि पळताही येत नाही. राखण जमत नाही म्हटल्यावर मालकाचा रस संपतो. मग साखळी, पत्र्याच्या शेडची सावली आणि अंगभर गोचीड.

पण सगळ्या वस्त्या सारख्या नसतात, हेही खरं. म्हणून फोनवर एवढंच विचारा : तिथे माणसं राहतात, की रात्री लाइट आली की मोटार चालू करायला कुणीतरी जातं? घरातली बाई-माणसं, म्हातारी माणसं वस्तीवरच असतील, कुत्रा ओसरीवर झोपणार असेल, तर जाऊन बघण्यासारखं आहे. नुसता गडी असेल तर विषय सोडा.

घर शोधायच्या आधी एक काम राहिलंय का, ते बघा. हा कुत्रा हरवलेला तर नाही? यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या आवाजाने बिथरून दरवर्षी कुत्री पळतात, आणि मानेवर पट्ट्याचा व्रण आहे म्हणजे हा कुणाच्या तरी घरचा होता. शहरातल्या सगळ्या जनावरांच्या दवाखान्यांत फोटो लावा, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप आहे का तेही तपासून घ्या. फोटोत सगळं दाखवू नका. कानामागचा डाग म्हणा, तुटलेला दात म्हणा, एखादी खूण हातची राखा. ‘माझाच आहे’ म्हणत येणाऱ्याला ती सांगता आली पाहिजे. त्याच्याशी वेगवेगळ्या भाषांत बोलूनही बघा. सोलापूर आहे हे, ‘ये’ला न हलणारा कुत्रा कानडी ‘बा’ला किंवा तेलुगू ‘रा’ला कान टवकारतो. त्यावरून कुठल्या भागात चौकशी करायची ते कळतं, आणि पुढे नव्या घरच्यांनाही उपयोग होतो. मालक सापडला आणि त्याने मुद्दाम सोडल्याचं कळलं, तर परत देण्याचा प्रश्नच नाही. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

मग तब्येत. रेबीजची आणि एकत्रित लस, जंताचं औषध हे तुम्ही केलंच असेल. त्यासोबत रक्ततपासणी करून घ्या. प्लेटलेट कमी असतील तर गोचीड तापाची शंका घ्यायची, क्रिएटिनिनवरून किडनीचा अंदाज येतो. जमलं तर खुब्याचा एक एक्स-रे. नसबंदी झालेली नसेल तर ती देण्याआधीच करा, म्हणजे पेपरवाल्यांचे फोन आपोआप थांबतील. अर्थात या वयात भूल झेपेल का, हे रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम त्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरतात. रिपोर्टांची फाइल करून ठेवा. ती बघून जो पळतो तो तसाही टिकला नसता.

आता जाहिरात. तुम्ही लिहिलेली वाचली : ‘अतिशय गोड, प्रेमळ, सर्वांशी जुळवून घेणारा.’ ही कुठल्याही कुत्र्याला लागू पडेल. शिवाय असं वाचून जे येतात त्यांना खेळणं हवं असतं. मी अशी लिहीन :

‘आप्पा. जर्मन शेफर्ड, नर, वय अंदाजे आठ-नऊ. सकाळी मागचे पाय आखडलेले असतात, थोडं चाललं की मोकळे होतात. जिना चढत नाही. रात्री एकदा बाहेर न्यावं लागतं. मांजर दिसलं की ओढतो. भांडं पडलं की दचकतो, फटाक्यांना फार घाबरतो. माणसांत शांत. दिवसभर कुणीतरी घरात असतं असं तळमजल्याचं घर हवं. साखळीला, राखणीला किंवा ब्रीडिंगला देणार नाही. सांध्यांच्या औषधाचा खर्च सुरुवातीचे काही महिने मी करीन.’

शेवटचं वाक्य परवडत असेल तरच घाला, पण त्याने फरक पडतो. लोक म्हाताऱ्या कुत्र्याला घाबरत नाहीत, डॉक्टरच्या बिलाला घाबरतात. फोटो उभ्याने वरून काढू नका. जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. एका फोटोत शेजारी माणूस उभा करा, म्हणजे आकार कळेल, नाहीतर घरी आल्यावर ‘अहो, हा एवढा मोठा?’ होतं. आणि उठतानाचा व्हिडिओ जरूर टाका. तो लपवावासा वाटेल, पण तोच आधी दाखवायचा.

अशा कुत्र्याला घेतं कोण? माझा अनुभव असा, की लहान मुलं असलेली उत्साही कुटुंबं फोन फार करतात, येतात कमी. येऊन घेऊन जातात ती निवृत्त जोडपी, किंवा ज्यांचा आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेलाय अशी माणसं. पिल्लाच्या मागे धावायचं त्यांचं वय नसतं, आणि म्हातारपण म्हणजे काय ते त्यांनी एकदा पाहिलेलं असतं. आमच्याकडून एक थोराड लॅब्राडोर कुत्री रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे गेली. दारातून आत येताच गुळगुळीत फरशीवर तिचे चारही पाय चार दिशांना फाकले आणि ती तिथेच बसली. काका गोंधळले. काकू काही न बोलता आत गेल्या, जुन्या चादरी आणल्या, कपाटात अंथरायची रबरी जाळी खाली घातली आणि दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत वाट करून दिली. कुत्री त्या वाटेने चालत गेली, पाणी प्यायली. माझ्या पिशवीतले उरलेले प्रश्न मी काढलेच नाहीत.

पण सगळीकडे अशा काकू नसतात, म्हणून घर बघायला स्वतः जा. होकार कुणाचा आहे ते बघा. हौस मुलाची आणि करायचं आईने, असं असेल तर आईला विचारा, आणि घरात आजी असतील तर त्यांना आधी. आजींना कुत्रा घरात फिरलेला चालत नसेल तर महिन्याभरात तो गच्चीवर जातो. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ आहेत, तेव्हा अंडं, चिकन घरात चालतं का हेही आडपडदा न ठेवता विचारा. नाही म्हणाले तरी घर बाद करू नका, तयार पेलेट, म्हणजे पाकिटातलं कोरडं खाणं, बऱ्याच शाकाहारी घरांत चालतात. फक्त नुसत्या दूध-भाकरीवर एवढं मोठं जनावर ठेवणार असतील तर नको. त्याने पोट भरतं, पण प्रथिनं पुरत नाहीत आणि दूध कित्येक मोठ्या कुत्र्यांना पचतही नाही. जेवण एकदम एकाच वेळी न देता दोनदा विभागून द्यायला सांगा. छाती खोल असलेल्या या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म आणि ओकारी येऊनही काही पडत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आणि मे महिन्याचं विचाराच. दुपारी दोनला तो कुठे असेल? सोलापुरात पारा ४३ च्या पुढे जातो, पत्र्याखालची गोष्ट तर वेगळीच. आपली हवा कोरडी, त्यामुळे साध्या कूलरने भागतं, एसी लागत नाही. केस भादरून टाकू असं कुणी म्हणालं तर थांबवा. शेफर्डची दुहेरी लव उन्हापासून आडही करते. नियमित विंचरणं पुरे. फिरणं सकाळी लवकर आणि रात्री डांबर निवल्यावर. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, चाल लटपटती असं झालं तर अंगावर पाणी ओतत पंख्याखाली घ्यायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं.

पुण्याहून किंवा हैदराबादहून चांगलं घर आलं तर नाही म्हणू नका, पण रेल्वेचा विचार सोडा. एसी चेअर कारमध्ये किंवा स्लीपरमध्ये कुत्रा नेता येत नाही. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे (दोघांची बंद खोली) मिळाला तर ठीक, नाहीतर ब्रेक व्हॅन, म्हणजे गार्डचा सामानाचा डबा, आणि उन्हाळ्यात म्हाताऱ्या कुत्र्याला त्यात घालू नये. पहाटे निघणारी खासगी गाडीच बरी.

देताना दोन आठवडे मुक्कामी ठेवायला द्या, मग पक्कं करा. साध्या कागदावर नाव, पत्ता, सही, ओळखपत्राची प्रत आणि एक अट : ठेवणं जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला परस्पर न देता माझ्याकडे परत आणायचा. पैसे घेऊ नका, पण घेणाऱ्याला दोनदा यायला लावा. पहिले तीन-चार दिवस तो खाणार नाही, दारापाशी बसून राहील. तीनेक आठवड्यांत घरची वेळापत्रकं कळतात, घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी तुम्हाला फोन येईल.

घरमालकांबद्दल. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण भाड्याच्या घरात करारात काय लिहिलंय ते आधी बघा, आणि कायद्याची भाषा शेवटी ठेवा. बहुतेक वेळा तक्रार भुंकण्याची किंवा जिन्यातल्या केसांची असते. ती नेमकी काय ते विचारून मिटवा आणि मुदत थोडी वाढवून मागा. या वयाच्या कुत्र्याला घर मिळायला पिल्लापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो.

मोहोळला फोन केलात की काय म्हणाले ते इथे लिहा. बाकी जाहिरात वरच्यासारखी करून व्हिडिओसकट टाका. होटगी रोड आणि विजापूर रोडकडची तळमजल्याची दोन-तीन घरं माझ्या डोळ्यासमोर आहेत, त्यांना मी स्वतः दाखवते.