बेरीज तीच, घरं वेगळी

प्रश्न: दांडिया बाजारातल्या मराठी घरांचा सर्व्हे मी तीन वर्षांच्या अंतराने दोनदा केला. मुलांशी मराठीच बोलणारी घरं दोन्ही वेळी जवळपास तेवढीच निघाली. मग काही बदललं नाही असं लिहू का? – एक विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर: अहो थांबा, इतक्यात लिहू नका! दोन्ही वेळी घरं तीच होती ना, मग तुमच्याकडे पॅनल डेटा, म्हणजे त्याच घरांची पुन्हा पुन्हा घेतलेली माहिती आहे आणि तुम्ही तो फुकट घालवताय. समजा 100 पैकी 60 घरं आधी मराठीवाली, नंतरही 60, पण त्यातली 15 गुजरातीकडे सरकली आणि दुसऱ्या 15 घरांत आजी राहायला आली म्हणून मराठी परत सुरू झाली, तर बेरीज तीच दिसणार ना. घरागणिक जोड्या लावा, दोन बाय दोनचा तक्ता करा: आडवं आधी मराठी होती की नव्हती, उभं नंतर आहे की नाही. एनएफएचएस या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेमधे दर फेरीला नवीन घरं घेतात म्हणून तिथे हे जमत नाही, आयएचडीएस या भारतभरच्या घरांच्या सर्व्हेवाले मात्र 2004-05 नंतर 2011-12 ला त्याच घरांकडे परत गेले, तरी साधारण 83 टक्केच सापडली.

तुमची किती गळाली? वाडा सोडून लांब फ्लॅटमधे गेलेल्यांचीच भाषा बदलली असायची शक्यता जास्त, त्यामुळे त्यांना फोन करून का होईना गाठाच. आणि फिक्स्ड इफेक्ट, म्हणजे प्रत्येक घराची तुलना त्याच्याशीच करणारी पद्धत लावलीत तर जात, मूळ गाव असल्या न बदलणाऱ्या गोष्टींचा आकडा मिळणारच नाही, तेव्हा सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून घाबरू नका.