दोन्ही लॅपटॉप घरी आणून वापरतोय, तरी ठरत नाही. कोणता ठेवू?

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅपलचा १३ इंची मॅकबुक एअर (एम४ चिपचा) आणि लेनोवोचा विंडोजवाला थिंकपॅड एक्स१ कार्बन (जेन १३, म्हणजे तेरावी पिढी) असे दोन्ही घरी आणून पाच दिवस झाले, परत करायच्या मुदतीतले नऊ दिवस उरलेत, आणि सकाळी एक आवडतो तर संध्याकाळी दुसरा. काम म्हणजे अनुवाद, लांबलचक लेखन, बऱ्यापैकी एक्सेल आणि सुट्टीला फोटो. मी याच पेचातून गेले आहे आणि त्या वेळी चुकीचा लॅपटॉप ठेवून बसले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी दोनपैकी एक लॅपटॉप खोक्यात घाला आणि कपाटात ठेवून द्या. शेजारी-शेजारी ठेवले की डोळे फक्त फरक शोधत बसतात. ज्याचे रंग जास्त उठावदार तो जिंकतो, ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. शिवाय दहा-दहा मिनिटांनी इकडून तिकडे उड्या मारल्या तर बोटांना कुठल्याच कीबोर्डची सवय होत नाही आणि दोन्हीकडे चुका होत राहतात. तीन दिवस एकच वापरा. पुढचे तीन दिवस दुसरा. शेवटचे तीन दिवस दोन्ही बाहेर ठेवा आणि कामाला बसताना हात आपोआप कुठल्याकडे जातो ते बघा.

मी काय केलं होतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी दोन वेगळे लॅपटॉप असेच घरी आणले होते. जेवणाच्या टेबलावर दोन्ही मांडले, वहीत रकाने आखले, पडदा, बॅटरी, वेग, वजन, कीबोर्ड असे दहापैकी गुण दिले आणि बेरीज जास्त आली तो ठेवला. दुसरा परत गेला. महिन्याभरात कळलं की मी त्या टेबलावर कधी कामच करत नाही. मी काम करते रात्री दहानंतर, पलंगावर पाठीला उशी लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि शेजारी मुलगी झोपलेली असते. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब आणि दोन मोठ्या फाइली उघडल्या की त्या लॅपटॉपचा पंखा सुरू व्हायचा. बारीक, उंच पट्टीतला सूं असा आवाज. दिवसा ऐकूही येत नसे, रात्री मात्र मुलगी कूस बदलायची आणि मी टॅब बंद करत सुटायचे. त्यात पुढची कड मनगटाला काचायची. टेबलावर हात वरून येतो म्हणून ती कड लागलीच नव्हती, मांडीवर मनगट थेट तिच्यावर टेकतं. वहीतल्या रकान्यांत ना पंखा होता ना कड. तो लॅपटॉप मी चार वर्षं वापरला, कारण तेवढे पैसे पुन्हा घालणं शक्य नव्हतं.

तेव्हा तुमचे उरलेले नऊ दिवस चाचण्यांत घालवू नका, त्यात रोजचं काम करा. जिथे बसून करता तिथेच, ज्या वेळी करता त्याच वेळी. खिडकीपाशी बसत असाल तर ऊन येतं तेव्हा बसा. पांघरूण पायावर असतं का? मग लॅपटॉपही पांघरुणावर ठेवून बघा, कारण मऊ कापडाने हवेची वाट अडते आणि लॅपटॉपचं वागणं बदलतं. सध्या हातात असलेली फाइल घ्या, चाचणीसाठी वेगळी बनवू नका.

तुमच्या अनुवादाबद्दल बोलते, कारण मीही तेच करते. दिवसातून शेकडो वेळा आपण मराठीतून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत जातो. मॅकवर हे काम कीबोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या ग्लोब कळीला देता येतं, एका बोटात भाषा बदलते. विंडोजवर विंडोज कळ आणि स्पेस, म्हणजे दोन बोटं. गोष्ट किरकोळ वाटते, पण तीनशेव्यांदा करताना किरकोळ राहत नाही. आता दुसरी बाजू. जेन १३ मध्ये त्याच कोपऱ्यात कंट्रोल कळ आहे. जुन्या थिंकपॅडवर तिथे फंक्शन कळ असायची, त्यामुळे नवख्यांची बोटं अडखळत. २०२४ च्या जेन १२ पासून एक्स१ कार्बनमध्ये ती अदलाबदल झाली. तुम्ही वर्षानुवर्षं विंडोजवर असाल तर कॉपी-पेस्टसाठी करंगळी त्या कोपऱ्यात आपोआप जाते. मॅकवर हेच काम अंगठ्याने कमांड कळीवर करायचं असतं. ही सवय मोडायला मला आठवड्याच्या वर लागला होता. म्हणून मॅकवर पहिल्या दोन दिवसांत झालेल्या चुका मॅकच्या खात्यावर टाकू नका.

कीबोर्ड मात्र मनापासून तपासा, लॅपटॉप ठेवला की रोज हाताखाली तोच असणार. थिंकपॅडची कळ साधारण दीड मिलिमीटर खाली जाते, एअरची एक मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला अर्धा मिलिमीटर, पण हजार शब्दांनंतर बोटांच्या टोकांना तो समजतो. उथळ कळ वाईट असं अजिबात नाही, हलक्या हाताने टाइप करणाऱ्यांना तीच वेगवान वाटते. मी ठोकून टाइप करते, मला खोली हवी. तुमचा हात कसा आहे हे तुम्हालाच बघावं लागेल. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कळांची प्रमाणित मांडणी) वापरत असाल तर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुट्ट्या', 'राष्ट्रीय' असे शब्द असलेलं एक पान सलग टाइप करा. 'ऱ'साठी शिफ्ट धरून जे दाबायचा, मग हलन्त, मग य. शिफ्ट कळ किती लांब आहे आणि करंगळी किती ताणली जाते ते अशा एका पानात कळतं. इंग्रजी परिच्छेद टाइप करून हे समजणार नाही.

आणि थिंकपॅडचा तो लाल ठिपका, बोटाने ढकलून कर्सर हलवायचा. जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यातला ट्रॅकपॉइंट १९९२ च्या पहिल्या थिंकपॅडपासून आहे. नवीन माणसाला तो जुनाट वाटतो. पण मजकूर दुरुस्त करताना कळांवरून हात न उचलता कर्सर दोन शब्द मागे नेता येतो याची गोडी एकदा लागली की सुटत नाही. त्याला किमान दोन पूर्ण दिवस द्या. तरीही बोट वैतागलं तर सोडून द्या, जबरदस्ती नको. उलट एअरचा ट्रॅकपॅड मोठा, काचेचा आणि कुठेही दाबला तरी सारखाच दबणारा आहे, त्याच्या तोडीचा क्वचितच मिळतो. फोटोंच्या कामात तो फरक लगेच जाणवेल.

पडद्याबद्दल तुम्ही लिहिलंय की थिंकपॅडचा ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा) 'इतका सुंदर आहे की दुसरं काही सुचत नाही'. इथेच जरा थांबा. थिंकपॅडचा हा पडदा २८८० बाय १८०० पिक्सेलचा, १२० हर्ट्झचा आहे, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होतं. एअरचा २५६० बाय १६६४, ६० हर्ट्झ, एलसीडी, म्हणजे मागून उजेड देणारा नेहमीचा पडदा. इंचामागे पिक्सेल जवळपास सारखे, साधारण २४० आणि २२४, म्हणजे अक्षरांच्या धारदारपणात मोठा फरक नाही. स्क्रोल करताना १२० हर्ट्झ गुळगुळीत दिसतो हे खरं, आणि काळा रंग ओएलईडीवर खराखुरा काळा असतो हेही खरं. पण बरेच ओएलईडी पडदे उजेड कमी केला की तो वेगाने चालू-बंद करून मंद करतात. बहुतेकांना काही होत नाही, काहींना मात्र तासाभरात कपाळ जड होतं, डोळे चुरचुरतात. हे दुकानाच्या झगझगीत उजेडात कधीच कळत नाही. रात्री खोलीतला दिवा मंद करा, पडद्याचा उजेड एक-चतुर्थांशावर आणा आणि पांढऱ्या पानावरचा मजकूर दोन तास वाचा. सिनेमा नाही, मजकूर. त्यानंतर डोळे शांत असतील तर हा पडदा तुमच्यासाठी उत्तम आहे. शंका असली तर फोनवर स्लो-मोशनमध्ये पडद्याचा व्हिडिओ घ्या, काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक आहे असं समजा.

बॅटरीबाबत एक सावधगिरी. नवीन लॅपटॉप पहिले दोन-तीन दिवस आतल्या आत खूप काम करत असतो: फायलींची सूची बनवणं, फोटोंतले चेहरे ओळखणं, क्लाउडवरून सगळं खाली उतरवणं, अपडेट बसवणं. त्या काळात दोन्ही गरम होतात आणि दोन्हींची बॅटरी पटापट उतरते. तुमच्या पाच दिवसांतले बरेचसे त्यातच गेलेत, तेव्हा 'एअर तापतो' किंवा 'थिंकपॅड दुपारीच मान टाकतो' ही आधीची मतं खोडून नव्याने मोजा. रोजचं काम, रोजचा उजेड, सकाळी शंभर टक्के, आणि संध्याकाळी आकडा लिहून ठेवा. आणखी एक तपासणी फार कमी लोक करतात: रात्री झाकण बंद करताना टक्के लिहा आणि सकाळी उघडल्याबरोबर पुन्हा बघा. दोन-तीन टक्के गेले तर ठीक. पंधरा गेले आणि दुसऱ्या रात्रीही तसंच झालं, तर तो लॅपटॉप पिशवीतही जागाच राहणार.

एअरला पंखा नाही. त्यामुळे तो कधीच आवाज करणार नाही, माझ्यासारखीला ही फार मोठी गोष्ट. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की खूप वेळ चालणाऱ्या जड कामात गरम झाला की तो स्वतःचा वेग कमी करतो. अनुवादात आणि एक्सेलमध्ये तुम्हाला हे जाणवणारही नाही. चारशे-पाचशे रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या मोठ्या, प्रक्रिया न केलेल्या फाइली) एकदम एक्सपोर्ट करत असाल तर जाणवू शकतं, एकदा करून बघा. थिंकपॅडला पंखा आहे, तो केव्हा फिरतो आणि केवढ्याने फिरतो हे तुमच्या सगळ्यात शांत वेळी ऐका.

बाकीच्या गोष्टी पटकन. वजनात थिंकपॅड किलोच्या आत, एअर १.२४ किलो, हातात फरक कळतो, चार्जरसकट पिशवीत घातल्यावर कमी कळतो. एअरची चार्जिंगची सगळी तोंडं डाव्या बाजूला आहेत, तुमचा सॉकेट उजवीकडे असेल तर वायर पाठीमागून फिरवावी लागेल. थिंकपॅडला एचडीएमआय आणि जुनी मोठी यूएसबी आहे, एअरला अडॅप्टर लागतो, पण ही चिंता अडॅप्टर घेतला की संपते, त्यावरून निर्णय नको. मेमरी दोन्हींत नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे १६ जीबी घेतलाय की ३२ हे आत्ताच नीट ठरवा. साठवणूक थिंकपॅडमध्ये पुढे बदलता येते, एअरमध्ये नाही.

एक्सेलचं मात्र आजच बघा, कारण तिथे कदाचित प्रश्न एका फटक्यात सुटेल. मॅकवरच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्होट (मोठी, एकमेकांना जोडलेली कोष्टकं हाताळायची सोय) नाही, आणि अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल (विंडोजसाठीची बटणं, याद्या वगैरे) टाकलेल्या फाइली तिथे नीट चालत नाहीत. तुमच्या ग्राहकांकडून अशी एक जरी फाइल दर महिन्याला येत असेल, तर एअर परत करा आणि पुढचं सगळं विसरा. साधी सूत्रं, पिव्होट टेबल आणि चार्ट एवढंच असेल तर दोन्ही सारखे.

तुम्ही सरळ विचारलंय की 'तुम्ही असता तर कोणता ठेवला असता'. तुमच्या कामाचं वर्णन वाचून माझा कल थिंकपॅडकडे आहे, दिवसभर टाइप करणाऱ्याने कीबोर्डला सगळ्यात जास्त वजन द्यावं म्हणून. पण दोन अटी आहेत: त्या दोन तासांच्या रात्रीच्या वाचनात डोळ्यांना त्रास होता कामा नये, आणि पंख्याचा आवाज तुमच्या घरातल्या शांततेत खपला पाहिजे. यातली एकही अट मोडली तर मी दुसऱ्यांदा विचार न करता एअर ठेवेन, आणि उथळ कळांची सवय करून घेईन. डोळ्यांच्या त्रासाची आणि झोपमोडीची सवय करून घेता येत नाही.

जो परत द्याल त्याचं खोकं, आतली कागदी आवरणं आणि वायरीवरची वेष्टनं जपून ठेवा, आणि त्यावर स्टिकर वगैरे लावू नका. एअर परत जाणार असेल तर सेटिंग्जमधून 'सगळा मजकूर आणि सेटिंग्ज पुसा' हा पर्याय वापरा. तो पूर्ण करताना आयक्लाउडमधून बाहेर पडणं आणि 'फाइंड माय' (हरवलेला लॅपटॉप शोधायची सोय) बंद होणं या दोन्ही गोष्टी होतायत याची खात्री करा, नाहीतर लॅपटॉप तुमच्याच खात्याला कुलूपबंद राहतो आणि परतावा अडकतो. थिंकपॅड असेल तर विंडोज रीसेट करताना 'सगळं काढून टाका' निवडा आणि नंतर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या उपकरणांच्या यादीतूनही तो काढा. हे शेवटच्या दिवशी घाईत करू नका, आदल्या रात्री करा.