निक्कोला पहिल्यांदा जाताय ना? मग एवढंच करा

जपानमधल्या निक्कोतलं प्रसिद्ध देऊळ म्हणजे तोशोगू; त्यासाठी टोकियोहून सकाळी लवकर निघा, नाहीतर नुसती गर्दी बघून परत याल. नवखे हमखास चुकतात ते योमेइमोन दरवाजापाशी. फोटो काढला की पळाले! अहो, 500 हून जास्त कोरीव आकृत्या आहेत त्यावर. आत शिरल्यावर मागे वळा. 12 पांढऱ्या खांबांपैकी एकाची नक्षी मुद्दाम उलटी कोरलीय, ती शोधा.

आणि ते प्रसिद्ध झोपलेलं लाकडी मांजर? जेमतेम वीतभर, दाराच्या वर. पहिल्या खेपेला मी खालून तसाच निघून गेलो होतो. तिथून इएयासूच्या (जपानचा जुना लष्करी शासक, ‘शोगुन’) समाधीकडे 207 दगडी पायऱ्या; दमानं चढा.

मुख्य सभागृहात बूट काढावे लागतात, तेव्हा लेसवाले नकोत. आसपासची बाकी देवळं पुढच्या वेळी.