एक्स-रे ताऱ्यांच्या उद्रेकांचा अभ्यास : दुर्बीण घ्यायची घाई नको

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला एक्स-रे बायनरींच्या (म्हणजे कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा आणि त्याचा साथीदार तारा अशा जोड्यांच्या) उद्रेकांवरच काम करायचंय, आणि तुम्ही विचारताय की यात पोट भरेल का आणि त्याला महागडी दुर्बीण घेऊन द्यावी का.

दुर्बीण आत्ता नको. अवकाशातले एक्स-रे वातावरणातच अडतात, त्यामुळे हे काम उपग्रहांवरूनच चालतं. आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ मध्ये गेला, त्यावरचं लॅक्सपीसी हे एक्स-रे मोजणारं उपकरण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलंय, आणि असला डेटा खुला असतो, सुरुवातीला साधा लॅपटॉप पुरतो.

त्याला या सुट्टीत एकच काम द्या. स्पेस स्टेशनवर जपानचं मॅक्सी नावाचं उपकरण आहे, त्याची रोजची मोजमापं नेटवर मिळतात, त्यातून मॅक्सी जे१८२०+०७० या कृष्णविवर असलेल्या जोडताऱ्याच्या तेजाचा २०१८ चा ग्राफ पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काढ म्हणावं. मार्चपर्यंत शून्याच्या आसपास नुसती खरखर दिसेल, मग काही दिवसांत रेघ उभी चढेल आणि उतरायला कितीतरी महिने घेईल. साथीदार ताऱ्याचा वायू कृष्णविवराभोवतीच्या चकतीत साठत राहतो, चकती तापून हायड्रोजनचं आयनीभवन झालं की तो झपाट्यानं आत जायला लागतो. व्ही४०४ सिग्नी हा असाच दुसरा जोडतारा १९८९ नंतर एकदम २०१५ मध्ये भडकला, मधली २६ वर्षं शांतच होता म्हणा ना! चढ पटकन आणि उतार इतका हळू का, हा प्रश्न त्याचा त्याला पडला आणि एरर बार (मोजमापातली अनिश्चितता), मधल्या गॅप यांच्याशी झटापट करायला मजा आली तर माझ्या मते पोरगं योग्य वाटेवर आहे. नुसती कृष्णविवराची चित्रं आवडत असतील तर घाई नको.

वाट म्हणाल तर बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट, जेस्ट किंवा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची प्रवेश परीक्षा, आणि पाच-सहा वर्षं पीएचडी. २०२३ पासून ज्युनिअर फेलोला (पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांत) महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. पण पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), बहुतेकदा परदेशात, आणि कायमच्या जागा खरंच कमी, तिशी उलटली तरी पक्की नोकरी नसू शकते. हे आत्ताच घरात मोकळेपणानं बोलून घ्या. बरेच जण शेवटी डेटा सायन्सकडे वळतात, तिथे हेच पायथन आणि स्टॅटिस्टिक्स कामाला येतं.

ग्राफ झाला की तो आणि त्याला पडलेले प्रश्न मला पाठवायला सांगा, मग कुठल्या एमएस्सीला जावं ते नीट बोलू.