अकरावी सायन्सच्या मुलाला गणितं अडली की घरी मदत कशी करावी?

प्रश्न: मुलगा यंदा अकरावी सायन्सला गेला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फिजिक्स, केमिस्ट्री, कॅल्क्युलसचा होमवर्क अडला की वही घेऊन माझ्याकडे येतो, पण मी पडलो कॉमर्सचा. त्याला मदत कशी करू? फोटो काढला की उत्तर देणारी अॅप वापरू देऊ का?

उत्तर:

तुम्ही कॉमर्सचे आहात म्हणून हात टेकू नका. मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवलं. आता संध्याकाळी सोसायटीतली पाच-सहा मुलं वह्या घेऊन घरी येतात. मूल म्हणतं "हे गणित येत नाही", तेव्हा बहुतेक वेळा ते एखाद्याच ओळीवर अडलेलं असतं, आणि खरी अडचण ते बोट ठेवतं त्याच्या दोन-तीन ओळी आधी असते. ती ओळ शोधून देणं ही सगळ्यात मोठी मदत.

मागच्या महिन्यातलंच सांगते. एका मुलीचं गणित होतं: २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तो जमिनीवर किती वेळाने पडेल? गुरुत्व त्वरण १० धरायचं. तिने सूत्र बरोबर लिहिलं, आकडे घातले आणि टी² − ४टी + ५ = ० वर येऊन थांबली (टी म्हणजे वेळ, सेकंदांत). वर्गमुळाखाली उणे ४ येत होते. "मॅडम, पुस्तकात चुकीचं छापलंय."

मी तिला एवढंच विचारलं, "हे २५ तू कुठून कुठे मोजलेस?" तिने चित्र काढलं. गच्ची, वर जाणारा बाण, खाली जमीन. वरची दिशा अधिक घेतली होती, म्हणजे गच्चीपासून जमीन उणे २५ वर. मग तिनेच चिन्ह बदललं. टी² − ४टी − ५ = ०, उत्तरं ५ आणि उणे १. पाच सेकंद! ती वही मिटायला लागली.

मी म्हटलं, थांब. तुझं आधीचं समीकरण काय विचारत होतं? चेंडू गच्चीच्या वर २५ मीटरवर कधी पोचेल, असं. आणि गणित म्हणत होतं, कधीच नाही. खरं आहे का ते? उंची २०टी − ५टी². तिचं डिफरन्शिएशन केलं, म्हणजे ती क्षणाक्षणाला किती झपाट्याने बदलते ते काढलं, की वेग मिळतो, २० − १०टी. तो शून्य होतो २ सेकंदांनी, आणि त्या वेळी उंची भरते बरोबर २० मीटर. म्हणजे चेंडू गच्चीच्या वर २० मीटरच्या पुढे जातच नाही. तिचं "चुकलेलं" गणित खरं बोलत होतं, प्रश्न तेवढा दुसरा होता.

मग उणे १ सेकंद म्हणजे काय? वेगाच्या सूत्रात उणे १ घातला तर ३० येतात. म्हणजे तोच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या वेगाने वर फेकला असता, तर गच्चीपाशी येताना त्याचा वेग नेमका २० असता. तिने करून बघितलं, ३० − ५ म्हणजे २५ मीटर. जुळलं. त्या दिवशी एकाच गणितावर पाऊण तास गेला, आणि कॅल्क्युलस कशाला शिकायचं हे मला तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता तुमच्या मुलाचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले काही महिने फिजिक्सपेक्षा भाषा जास्त अडवते. त्वरण, संवेग, घर्षण हे सगळं त्याला येतं. पण "स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, "स्मूद" पृष्ठभाग म्हणजे घर्षण धरायचं नाही, "लाइट स्ट्रिंग" म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. "लाइट" वाचून प्रकाशाचा विचार करत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. इथे तुम्ही उपयोगी पडता. पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, "गणितात काय घडतंय ते मला मराठीत सांग." काय दिलंय, काय विचारलंय. सांगता आलं नाही, तर सूत्रं शोधण्यात अर्थ नाही, पुन्हा वाचायला लावा.

केमिस्ट्रीत पहिला अडथळा मोलचा. मोल म्हणजे डझनासारखं, रेणू मोजायचं माप. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन दिले, अमोनिया किती तयार होईल? मुलं ग्रॅम बघून म्हणतात, हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपणार. याला मी ताटाचं उदाहरण देते. एका ताटाला एक वाटी आमटी आणि तीन पोळ्या. घरात वाटी एक, पोळ्या पाच. ताट एकच होईल, दोन पोळ्या उरतील. नायट्रोजनचा एक मोल २८ ग्रॅमचा, हायड्रोजनचा २ ग्रॅमचा. म्हणजे नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन ५ मोल, आणि एका मोल नायट्रोजनला हायड्रोजनचे लागतात ३. आधी संपतो तो वजनाने जास्त असलेला नायट्रोजन. अमोनिया ३४ ग्रॅम, हायड्रोजन उरला ४ ग्रॅम. दोन्ही मिळून ३८, आणि सुरुवातीलाही २८ अधिक १० म्हणजे ३८च. हा ताळा तर तुम्ही कॉमर्सवाले आमच्यापेक्षा चांगला लावाल!

एक बारीक गोष्ट: बोर्डाच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल, म्हणजे गुणाकार-भागाकार सोपे करणारा आकड्यांचा छापील तक्ता, वापरावं लागतं. मोबाइलवर आकडेमोड करायची सवय आत्ताच मोडा. सूत्र बरोबर आणि अँटिलॉग, म्हणजे तक्त्यावरून शेवटचा आकडा काढणं, चुकला, असे गेलेले मार्क फार जिव्हारी लागतात.

अॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वीस मिनिटं स्वतः झटापट करून मगच बघू दे, आणि तेही पूर्ण उत्तर न बघता फक्त जिथे अडलाय त्याच्या पुढची एक ओळ. मग फोन बाजूला आणि बाकीचं हाताने. दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा. मी सुरुवातीच्या वर्षांत फळ्यावर अख्खी गणितं सोडवून दाखवायचे. मुलं माना डोलवायची, "समजलं मॅडम" म्हणायची, आणि चाचणीत तेच गणित कोरं सोडायची. दुसऱ्याने सोडवलेलं बघताना सगळं सोपंच वाटतं. त्या मुलांचं मला अजून वाईट वाटतं.

आणि चुकलेलं खोडरबराने पुसू देऊ नका, एक रेघ मारून खाली नव्याने लिहू दे. त्याचं एखादं अडलेलं गणित असेल तर इथे जरूर लिहा, मी बघेन. फक्त त्याने जिथपर्यंत सोडवलंय तिथपर्यंतच्या ओळी सगळ्या लिहा, रेघ मारलेल्यासुद्धा.