पश्चात्ताप की प्रायश्चित्त? आणि त किती?

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळात संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणायची छोटी प्रार्थना त्या मराठीत लिहीत आहेत. त्यात एक वाक्य असे आहे: 'आज दिवसभरात आमच्या हातून घडलेल्या पापांबद्दल आम्ही पश्चाताप करतो.' त्यांच्या आत्याचे म्हणणे, हा प्रायश्चित्तकाळ आहे, तेव्हा 'प्रायश्चित्त करतो' असे हवे. कोणता शब्द बरोबर?

आधी लेखनाचे सांगून टाकते. शब्द 'पश्चात्ताप' असा, दोन त घेऊन लिहायचा. पश्चात् आणि ताप जोडले की पहिल्याचा पाय मोडलेला त् आणि दुसऱ्याचा त मिळून त्त होतो. बोलताना एकच ऐकू येतो म्हणून लिहिताना एक गळतो. 'प्रायश्चित्त'मध्येही शेवटी चित्त आहे, म्हणून तिथेही दोन.

आता अर्थ. हे दोन शब्द कोणती क्रियापदे सोबत घेतात ते पाहा. पश्चात्ताप 'होतो'. प्रायश्चित्त होत नाही. ते घेतात, देतात, करतात, भोगतात. पश्चात्ताप मनात उठतो, प्रायश्चित्त हे त्यानंतर करायचे कृत्य आहे. कॅथलिक घरांत हा फरक रोजच्या वापरातला आहे. पापनिवेदनाला (गोव्याकडे कोंकणीत कुमसार म्हणतात) गेल्यावर आपण पाप सांगतो, त्याबद्दल खंत व्यक्त करतो, आणि मग धर्मगुरू अमुक प्रार्थना म्हणा, अमुक करा असे सांगतात. ते सांगितलेले म्हणजे प्रायश्चित्त. उपवास, दानधर्म, शुक्रवारी मांस न खाणे हीही त्याच बाजूची. म्हणून चाळीस दिवसांना प्रायश्चित्तकाळ म्हणणे योग्यच आहे. पण संध्याकाळी पाच मिनिटे डोळे मिटून बसल्यावर आपण प्रायश्चित्त करत नसतो, दिवस आठवत असतो. तुमच्या वाक्यात पश्चात्तापच हवा.

मात्र 'पश्चात्ताप करतो' यातला 'करतो' थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. एरवीच्या मराठीत आपण 'मला पश्चात्ताप झाला' म्हणतो. 'पश्चात्ताप करा' अशी आज्ञा ख्रिस्ती मराठीच्या बाहेर फारशी ऐकू येत नाही. राग कर, दुःख कर असे सांगून कुणाला राग येतो का, दुःख होते का? तरी मराठी बायबलात योहान बाप्तिस्मा करणारा आणि येशू दोघेही म्हणतात, 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे.' उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतानाही 'पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा' असे म्हणतात.

याचे कारण मूळ ग्रीक शब्दात आहे. तिथे 'मेटानोइया' आहे. 'मेटा' म्हणजे नंतर, आणि बदल सुद्धा. 'नूस' म्हणजे मन, बुद्धी. नंतर बदललेले मन. मराठीतही 'पश्चात्' म्हणजे नंतरच, पण पुढे मनाऐवजी ताप आला. ग्रीक शब्द वळायला सांगतो, आपला शब्द पोळल्याचे सांगतो. तुमच्या आत्यांनी काढलेला प्रश्न युरोपातही गाजला आहे. लॅटिन बायबलात हे वाक्य 'पेनितेन्तियाम आगिते' असे होते, आणि त्याचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असा घेतला जाई. सोळाव्या शतकातला विद्वान इरॅस्मस याने नव्या कराराच्या आपल्या लॅटिन भाषांतरात पुढे 'रेसिपिस्किते' हा शब्द आणला, म्हणजे शुद्धीवर या. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या 95 सिद्धान्तांतला पहिलाच या शब्दावर आहे: ख्रिस्ताला श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे हवे होते.

'शुद्धीवर येणे' आपल्या बायबलातही आहे, आणि अगदी मोक्याच्या जागी. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला, बापाची संपत्ती उडवून बसलेला उधळ्या मुलगा डुकरांच्या शेंगांवर पोट भरायची इच्छा धरतो, आणि मग शुद्धीवर येतो. तो तिथे बसून राहत नाही, उठून बापाकडे निघतो. राखेच्या बुधवारी वाचतात त्या योएल संदेष्ट्याच्या उताऱ्यातही परमेश्वर 'माझ्याकडे वळा' म्हणतो. कपडे नव्हे, हृदये फाडा म्हणतो. म्हणून तुमच्या प्रार्थनेत पश्चात्तापानंतर 'आम्ही तुझ्याकडे वळतो' हे तीन शब्द जरूर घाला. तापाला दिशा मिळते.

कुणी 'पस्तावा' सुचवील. तो पश्चात्तापातूनच घासून आलेला शब्द आहे, पण त्याचा सूर वेगळा. 'पस्तावशील!' ही धमकी असते. त्यात नुकसानीची चुटपुट आहे. चूक अंगाशी आली नसती तर पस्तावा झालाच नसता. 'अनुताप' मात्र मला फार प्रिय आहे. तुकोबा म्हणतात, 'अनुतापीं न्हाय चित्त'. चित्त तापात न्हाऊन निघते! आणि तेच प्रायश्चित्त, असेही तिथेच म्हटले आहे, म्हणजे आत्यांचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. आज अनुताप बोलण्यातून गेला आहे, घरातल्या मुलांना समजवावा लागेल. एका संध्याकाळी समजवायला हरकत नाही.

न विचारलेल्या दोन गोष्टी सांगते, कारण त्या याच वाक्यात आहेत. 'हातून घडलेल्या पापांबद्दल' असे आपण सहज लिहितो. मराठीची ही मोठी सोय आहे: ग्लास हातून पडतो, पाप हातून घडते, आणि कर्ता बाजूला उभा राहतो. उधळ्या मुलगा असे बोलत नाही. तो 'मी पाप केले आहे' म्हणतो. तुम्हीही 'केलेल्या' लिहा. आणि जे करायचे राहिले तेही लिहा; अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) सायंप्रार्थनेतल्या कबुलीत ते केलेल्याच्या आधी येते. आजारी शेजारणीकडे जायचे राहिले, तेही दिवसाच्या हिशोबात असते.

दुसरी, 'आम्ही' आणि 'आपण'. तुम्ही 'आम्ही' लिहिले आहे ते अचूक आहे. घरच्यांना बोलावताना 'आपण आजचा दिवस आठवू या' म्हणायचे, कारण बोलणारा आणि ऐकणारे दोघे त्यात येतात. पण देवाशी बोलू लागलो की 'आपण पाप केले' म्हणता येत नाही. ऐकणारा तोच, तोही त्यात ओढला जाईल. अनेक छापील पत्रकांत ही सरमिसळ दिसते.

तेव्हा वाक्य असे करून पाहा: 'प्रभो, आज जे करायला हवे होते ते आम्ही केले नाही, आणि जे करायला नको होते ते केले. त्याचा आम्हांला पश्चात्ताप होत आहे. आम्ही तुझ्याकडे वळतो.' पहिल्या वाक्यानंतर थोडा वेळ गप्प बसा, म्हणजे ज्याला त्याला आपले आपले आठवेल.